फाइनवेर्कबाउ ३०० एस : आधी तेलाची बाटली कपाटात ठेवा

जुनी स्प्रिंगची एअर रायफल हातात आली की माणूस आधी तेल शोधतो. नळीत दोन थेंब, हवेच्या भोकात चार, लिव्हरच्या सांध्यात आणखी थोडं. मग बार काढला की मोठा आवाज होतो, नळीच्या तोंडातून निळसर धूर निघतो आणि मालकाला वाटतं, काय दम आहे या म्हाताऱ्या बंदुकीत! आत तेल पेटलेलं असतं. त्या प्रत्येक भडक्याबरोबर सील, स्प्रिंग आणि पिस्टन तिघांचंही आयुष्य कमी होत असतं.

ही सवय आपल्याकडे कुठून आली असावी याचा मला अंदाज आहे. जत्रेत फुगे फोडायच्या ज्या बंदुका असतात, त्यांच्या पिस्टनला बहुधा चामड्याचा वॉशर असतो. चामडं वाळलं की हवा धरत नाही, म्हणून फुगेवाला अधूनमधून तेल सोडतो आणि त्याचं ते बरोबरच असतं. स्पर्धेसाठी बनवलेल्या जर्मन रायफलीत मात्र बऱ्याचदा चामडं नसतंच, आणि तिथे तोच उपाय रोग होऊन बसतो.

मी मूळची सांगलीची. कुपवाड एमआयडीसीत बाबांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे पाने-पेचकस ओळखीचे. आता नोकरीनिमित्त स्टुटगार्टच्या दक्षिणेला राहते, कामही मोजमापाचंच. इथे खेड्यापाड्यांतून नेमबाजीचे क्लब असतात. आमच्या क्लबाच्या तळघरात दहा मीटरच्या लेन आहेत आणि एका लोखंडी कपाटात साठ-सत्तरच्या दशकातल्या रायफली. तरुण मंडळी दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालणाऱ्या नव्या रायफली वापरतात. जुन्यांची देखभाल ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ करायचे. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्यांच्या हाताखाली शिकलेलं.

ही कोणती जात

मुख्य गोष्ट सांगणार आहे ती फाइनवेर्कबाउ ३०० एसची. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावात ती बनली. हे माउझर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि माउझरचा कारखाना मोडला गेला. तिथे काम केलेले दोन इंजिनिअर, कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबुर्गर, यांनी ही कंपनी उभी केली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं १५० मॉडेल आलं, त्यानंतर ३००, आणि सत्तरच्या दशकात ३०० एस. १९६६ साली वीसबाडेनच्या जागतिक स्पर्धेत दहा मीटर एअर रायफल पहिल्यांदा आली, ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. मधला काळ मोठ्या प्रमाणात या स्प्रिंगवाल्या रायफलींचा होता.

त्या काळातले सगळे कारखाने एकाच प्रश्नाशी झुंजत होते. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे धावतो आणि बंदूक मागे सरकते. पिस्टन टोकाला पोचता पोचता समोरची हवा इतकी दाबली जाते की तो तिच्यावर आदळून थांबतो, किंचित मागेही उसळतो. त्या क्षणी बंदूक पुढे हिसकते. गंमत अशी की छर्रा हलायला लागतो तोच मुळी पिस्टन टोकाजवळ आल्यावर. म्हणजे मागचा धक्का पूर्ण होईपर्यंत छर्रा नळीतच बसलेला असतो. गोळीच्या रायफलीत नेमबाजाची चूक जितकी माफ होते तितकी इथे होत नाही.

डायनाने यावर दोन पिस्टनांचा तोडगा काढला. कुर्ट गिस याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना त्यांच्या ६०, ६५, ६६ आणि ७५ या रायफलींत आहे: एक पिस्टन पुढे जाऊन हवा दाबतो, दुसरा त्याच वेळी मागे धावतो आणि धक्का धक्क्याला मारतो. आनशुट्झ २५० मध्ये तेलाचा दट्ट्या धक्का शोषून घेतो. वायहराउखची एचडब्ल्यू ५५ आणि वाल्थरची एलजीव्ही यांनी असलं काही केलं नाही. भरपूर वजन, उत्तम चाप, नळी घट्ट धरणारी खिट्टी. बाकी नेमबाजाने बघावं. फाइनवेर्कबाउने मात्र नळी, सिलिंडर, डायऑप्टर (बारीक भोकाची मागची साइट, तिच्यातून नेम धरतात) असा अख्खा वरचा भाग दस्त्यातल्या पोलादी पट्ट्यांवर मोकळा सोडला. चाप ओढला की कुलूप सुटतं आणि तो सगळा भाग काही मिलिमीटर मागे सरकतो. खांद्याला काही कळत नाही. फक्त डायऑप्टर डोळ्याकडे आल्यासारखा दिसतो. पुढच्या वेळी लिव्हर ओढली की सगळं परत जागेवर.

मला विचाराल तर या सगळ्यांत ३०० एसच घ्या. गिसची रचना डोक्याने जास्त देखणी आहे, पण ती दुरुस्त करणारा माणूस आधी शोधून ठेवा आणि मग बंदूक घ्या.

विकत घेताना

आधी स्क्रू बघा. खाचा फाटलेल्या, कडा वर आलेल्या दिसल्या तर आत कुणीतरी चुकीच्या पेचकसाने शिरलेलं आहे आणि आत काय करून ठेवलंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. पन्नास वर्षांची बंदूक आणि अस्पर्श स्क्रू असतील तर मी थोडे पैसे जास्त द्यायला तयार असते.

नळीच्या तोंडाच्या कडेवरून कान साफ करायची कापसाची काडी फिरवा. कापूस कुठे अडकला तर तिथे ओरखडा आहे. नळीच्या तोंडाशी झालेली इजा नेम बिघडवते. दस्त्यावरचे डाग काहीच बिघडवत नाहीत. विकणारे नेमके उलटं दाखवतात: अक्रोडाचं लाकूड पॉलिश करून चकाचक, आणि नळीचं तोंड भिंतीला टेकवून ठेवलेलं.

डायऑप्टर आणि पुढच्या साइटच्या रिंगा सोबत आहेत का ते विचारा. डायऑप्टर वेगळा घ्यायला गेलात तर स्वस्त वाटलेली बंदूक महाग पडते. त्याच्या दोन्ही चकत्या फिरवून बघा, प्रत्येक क्लिक बोटाला लागली पाहिजे.

मग एक छर्रा घालून बार काढू द्या म्हणा. रिकामा बार कुणालाही काढू देऊ नका, स्वतःही काढू नका. समोर छर्‍याचा अडथळा नसला तर हवेची गादी तयारच होत नाही आणि पिस्टन थेट सिलिंडरच्या टोकावर आपटतो. चांगल्या ३०० एसचा आवाज कोरडा आणि आखूड असतो. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठणका आला, किंवा ब्रीचपाशी, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, पिवळट-तपकिरी चुरा दिसला, तर आतला बफर, म्हणजे पिस्टनचा आघात झेलणारा तुकडा, गेला म्हणून समजा. तेवढ्यासाठी सौदा मोडायची गरज नाही. किंमत मात्र पाडून मागा.

जर्मनीत घेत असाल तर पंचकोनात 'एफ' असा शिक्का बघा. साडेसात जूलच्या आतली बंदूक, तो शिक्का आणि अठरा वर्षं पूर्ण, एवढं असलं की परवाना लागत नाही. १९७० च्या आधी बाजारात आलेल्या बंदुकांवर शिक्का नसला तरी चालतो, म्हणून जुन्या १५० वर तो दिसला नाही तर घाबरू नका. नेताना पेटीला कुलूप हवं आणि बंदूक रिकामी.

बोटं

देखभालीच्या आधी हे, कारण हे चुकलं तर पुढचं वाचून उपयोग नाही. ३०० एसची लिव्हर उजव्या बाजूला असते. ती ओढली की सिलिंडर मागे सरकतो, ब्रीच उघडी पडते आणि तुम्ही छर्रा बोटाने नळीत बसवता. त्या वेळी तुमचं बोट नळी आणि ताणलेल्या स्प्रिंगवरचा सिलिंडर यांच्या मधे असतं. आत अडकवण्या आहेत, हे खरं. पण पन्नास वर्षं झिजलेल्या अडकवणीवर मी बोट ठेवत नाही. उजव्या हाताने लिव्हर शेवटपर्यंत मागे धरून ठेवायची, डाव्या हाताने छर्रा घालायचा, बोट बाहेर काढायचं, मगच लिव्हर बंद करायची. क्लबात नवीन पोरं येतात त्यांना मी छर्‍याशिवाय नुसतं हेच करायला लावते. ती कंटाळतात. कंटाळू देत.

लिव्हर ओढलेली ठेवून गप्पा मारायला जाऊ नका. स्प्रिंग दबून राहिली की बसते, आणि भरलेली बंदूक टेबलावर पडलेली कुणालाच नको असते.

तेल, ग्रीस आणि कोरडेपणा

३०० एसच्या पिस्टनवर मोटारीच्या इंजिनासारखी पोलादी रिंग आहे. रिंग पोलादी, सिलिंडर पोलादी. नीट ठेवली तर ही जोडी मालकापेक्षा जास्त जगते. पिस्टन पुढे धावतो तेव्हा हवा क्षणात शेकडो अंशांपर्यंत तापते. तिथे खनिज तेल असेल तर पेटतं, तेच आपलं सुरुवातीचं धूर-आवाज प्रकरण. म्हणून लोक सांगतात, सिलिकॉन तेल घाला, ते पेटत नाही. सहजासहजी पेटत नाही हे खरं, पण पोलादावर पोलाद घासताना सिलिकॉन फारसं वंगण देत नाही, आणि रिंग सिलिंडरला ओरखडे काढते. ज्या बंदुकीत प्लॅस्टिकचं सील आहे तिथे सिलिकॉनचा थेंब ठीक, इथे नको.

इथे लागते मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट. बंदूक उघडलेली असेल तेव्हा सिलिंडरच्या आत बोटाने चोळायची आणि मग स्वच्छ फडक्याने पुसून काढायची. पुसल्यावर जो करडा रंग राहतो तेवढंच वंगण. स्प्रिंगवर थोडं दाट ग्रीस, म्हणजे तिची झणझण बंद होते. सरकत्या पट्ट्यांवर पातळ तेलाचा हात. लिव्हरच्या खिळीवर एक थेंब. चापाच्या पेटीत काही नाही. तिथे तेल गेलं की धूळ चिकटते आणि शे-दीडशे ग्रॅमवर लावलेला चाप रोज वेगळा वागायला लागतो.

एचडब्ल्यू ५५ ची जुनी आवृत्ती किंवा वाल्थर एलजी ५५ तुमच्याकडे असेल आणि आत चामड्याचं सील असेल, तर वेगळा हिशोब. बंदूक दस्त्यावर उभी करा, नळी सांध्यात वाकवून हवेच्या भोकात दोन थेंब तेल सोडा, रात्रभर तशीच उभी राहू द्या म्हणजे तेल उतरून चामड्यात मुरतं. दुसऱ्या दिवशी पहिले काही बार धुरकट येतील, ते सोडून द्या.

सील हवा धरतंय का हे बघायला पातळ टिश्यू पेपरची पट्टी पुरते. लिव्हर बंद केल्यावर ब्रीचच्या सांध्यावर पट्टी अलगद ठेवा, छर्‍यासह बार काढा. पट्टी फडफडली तर ब्रीचचं सील गेलं. क्लबात वेगमापक असेल तर आणखी बरं. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १६५ मीटरने निघाला तर ऊर्जा सुमारे ७.२ जूल, म्हणजे जर्मन मर्यादेच्या आत आणि दहा मीटरला भरपूर. मी आकड्यापेक्षा त्याची चढउतार बघते. दहा बारांत दोन-तीन मीटरचा फरक असेल तर बंदूक निरोगी. आठ-दहाचा असेल तर उघडा.

उघडायची वेळ आलीच तर

पेचकसापासून सुरुवात. बाबा दुकानातला पेचकस कधी तसाच वापरत नसत. पातं ग्राइंडरवर घासून त्या-त्या स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असं करायचे, आणि दोन्ही बाजू समांतर. पाचरीसारखं निमुळतं पातं खाचेतून वर चढतं आणि कड फाडतं. माझ्याकडे ३०० एससाठी असे तीन वेगळे घासलेले आहेत आणि त्यांनी मी दुसरं काही करत नाही. घरात कुणी त्यांनी रंगाचा डबा उघडायला गेलं तर भांडण होतं.

बंदुकीची स्प्रिंग ताणलेली नाही, नळीत छर्रा नाही, याची खात्री करा. दस्ता काढा. प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो घ्या, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून त्या जागी खोचा; त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. मागचं टोपण काढताना आत स्प्रिंगचा दाब असतो, म्हणून स्प्रिंग दाबायचा शिकंजा वापरा. सुताराचा लांब क्लॅम्प आणि लाकडाचे दोन ठोकळे चालतात. हाताने आणि छातीने दाबून काढणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांच्या घरच्या छताला खड्डे असतात.

स्प्रिंग बाहेर आली की दिसेल, त्या दोन आहेत आणि एकमेकींच्या उलट पिळाच्या. स्प्रिंग सुटताना स्वतःभोवती वळते आणि बंदुकीला मुरड घालते. उलट पिळाची दुसरी ती मुरड खाऊन टाकते. बसवताना त्यांचा क्रम आणि मधली चकती चुकवू नका. काचेवर लोळवून बघा. डगडगत लोळली तर वाकली आहे. बदलायच्या तर दोन्ही एकदम. जास्त ताकदीची स्प्रिंग घालायचा मोह होतो, घालू नका. पिस्टन जास्त उसळतो, लक्ष्यावरच्या भोकांचे गट पसरतात आणि जर्मनीत ऊर्जेची मर्यादा ओलांडली तर बंदूक बेकायदेशीर होते.

खरी झीज होते ती बफर आणि ब्रीच सील या दोन लहान तुकड्यांची. साठ-सत्तरच्या दशकातलं ते प्लॅस्टिक वापराने जात नाही, नुसत्या वयाने जातं. कपाटात बंद ठेवलेल्या, जेमतेम वापरलेल्या बंदुकीतही ते साबणाच्या जुन्या वडीसारखं चुरतं. नवीन तुकडे चांगल्या पॉलियुरेथेनचे मिळतात आणि किंमत बेताची असते. जुन्याचा कणन् कण काढा, खाचेतलाही, लाकडाच्या काडीने. धातूची टोचणी नको. सिलिंडरमधलं डांबरासारखं झालेलं जुनं ग्रीस काठीला फडकं गुंडाळून पुसा, फडकं पांढरं निघेपर्यंत. एवढं केलं की पुढची कित्येक वर्षं ही बंदूक उघडायची गरज पडू नये. दर हिवाळ्यात हौसेने उघडणाऱ्यांची बंदूकच जास्त झिजते.

गिसवाली डायना मात्र स्वतः उघडू नका. दोन पिस्टन दात्यांच्या पट्ट्यांनी आणि चाकाने जोडलेले असतात. जोडताना एक दाता चुकला तरी दोघांची वेळ जुळत नाही आणि ज्या धक्क्यासाठी एवढा खटाटोप केला तो परत येतो. क्लबातली डायना ७५ मी पेटीत घालून जाणकाराकडे पाठवते आणि बिल भरते.

छर्रे

चपट्या डोक्याचे, साडेचार मिलिमीटरचे, स्पर्धेचे छर्रे. टोकदार आणि गोल डोक्याचे इथे कामाचे नाहीत. चपटं डोकं कागदात गोल स्वच्छ भोक पाडतं, म्हणून गुण मोजता येतात. आरडब्ल्यूएसचे आर १० किंवा माइस्टरकुगेल्न, एच अँड एनचे फिनाले मॅच, जेएसबीचे मॅच: यांतले एकेक डबे आणा. स्प्रिंगच्या बंदुकीला बऱ्याचदा हलके छर्रे मानवतात, म्हणून ०.५३ ग्रॅमबरोबर ०.४५ किंवा ०.४९ चेही बघा. बंदूक टेबलावर मऊ पिशवीवर टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा बार काढा, कोणाची भोकं जवळजवळ पडतात ते बघा. कोणाचा नातेवाईक कोणते वापरतो त्याला महत्त्व नाही. माझ्या बंदुकीला सगळ्यात महाग डबा आवडत नाही, याचा मला फार आनंद आहे.

छर्‍याचा मागचा घेर पातळ असतो. डबा पडला की वाकतो. वाकलेले वेगळे काढा. बसवताना अंगठ्याने सपाट आत ढकला. मागची कड बाहेर राहिली तर लिव्हर बंद करताना सिलिंडर ती चेपतो आणि सीलही खराब होतं. छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच मोडा. ते शिसं आहे. बार संपले की साबणाने हात धुवा, मगच चहा.

नेम

थंड तळघरात पहिले पाच-सात बार खाली किंवा भलतीकडे जातात, कारण ग्रीस घट्ट असतं. ते मोजू नका आणि त्यावरून डायऑप्टर फिरवू नका.

लक्ष्याचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं. नऊचं कडं ५.५ चं, आणि दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. डोळ्यापासून पुढची साइट साधारण ८५ सेंटिमीटरवर असते, म्हणजे दहा मीटरवरचं ते काळं वर्तुळ साइटच्या जागी अडीच मिलिमीटरएवढं भासतं. सुरुवातीला ३.८ किंवा ४ मिलिमीटर भोकाची रिंग लावा, काळ्याभोवती पांढरी पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. घट्ट रिंग लावली की मन जास्त अचूकपणाच्या नादी लागतं, काळं मध्यभागी बसवण्यात वेळ जातो आणि तोवर हात थकतात. डायऑप्टरच्या चकतीवरची अक्षरं वाचत बसण्यापेक्षा पाच क्लिक फिरवा, तीन बार काढा, गट कुठे सरकला ते बघा आणि वहीत लिहून ठेवा.

डायऑप्टर मागे येतो हे विसरू नका. डोळा आणि त्याचा रबर यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवा. नाहीतर सुरुवातीचे दोन बार चांगले जातात आणि मग पापणी आधीच मिटायला लागते.

उभं राहताना पाय खांद्याएवढे, डावं कोपर कमरेच्या हाडावर, बंदुकीचं वजन हाडांवर यावं, स्नायूंवर नाही. बंदूक जवळपास पाच किलोची आहे. दंडावर पेललीत तर तिसऱ्या बारापासून थरथर सुरू. डोळे मिटा, एक श्वास घ्या, उघडा. काळं वर्तुळ रिंगेत नसेल तर हात वळवू नका, मागचा पाय सरकवा. हाताने ओढून आणलेला नेम चाप सुटताना परत जातो.

गाल दरवेळी लाकडावर त्याच जागी, त्याच वजनाने. ३०० एसच्या सरकत्या भागाला हात, अंगठा, बाही काही टेकता कामा नये. माझा एक सहकारी जाड स्वेटर घालून यायचा. बाही पट्टीला घासायची आणि गट उजवीकडे सरकायचा. आम्ही दोन आठवडे डायऑप्टरला दोष देत होतो.

एचडब्ल्यू ५५ किंवा एलजीव्ही असेल तर याच्यापुढचा एक नियम: घट्ट धरू नका. धक्का होणारच आहे, तो दरवेळी सारखा होऊ द्या. डावा तळहात उघडा, बंदूक त्यावर नुसती ठेवलेली, आणि हात दरवेळी त्याच ठिकाणी. सोयीसाठी दस्त्यावर खडूने खूण करा.

चाप सुटल्यावर काय करता, त्यावर या बंदुकीतला निम्मा गुण ठरतो. पिस्टनचा प्रवास, मग नळीतला प्रवास, मग दहा मीटरला आणखी सहा-सात शतांश सेकंद. नव्या हवेच्या रायफलीपेक्षा छर्रा नळीत जास्त वेळ रेंगाळतो. म्हणून चाप मागे धरलेलाच ठेवा, डोळा रिंगेतच, आणि मनात 'एक' म्हणून झाल्यावर मग श्वास सोडा. भोक कुठे पडलं ते बघायला डोकं लगेच उचलणाऱ्याचे बार वर जातात. आमच्या क्लबातल्या आजोबांनी यासाठी मला दुर्बीण बंद करून बार काढायला लावलं होतं. दहा झाल्याशिवाय लक्ष्याकडे बघायचं नाही. नेम दहा सेकंदांत बसला नाही तर बंदूक खाली घ्या. उतरवायला लाज वाटते म्हणून काढलेला बार सातच्या बाहेर जातो.

साफसफाई आणि पावसाळा

एवढ्या कमी वेगाच्या नळीला फार साफसफाई लागत नाही. काही डबे संपले, किंवा गट उगाच पसरायला लागला, की नायलॉनच्या दोरीने ब्रीचकडून नमद्याच्या दोन-तीन गोळ्या ओढून काढा. त्या छर्‍यासारख्या उडवू नका. इतक्या हलक्या वस्तूने पिस्टनपुढे अडथळा तयार होत नाही, तो रिकामा बारच झाला. पितळी ब्रश तर नकोच.

बाहेरच्या लोखंडाला वापरानंतर किंचित तेलाचा फडका, कारण बोटांच्या घामाचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजून दिसतात. माझा भाचा कोल्हापुरात आहे, त्याच्या क्लबात अशाच दोन जुन्या ३०० एस आहेत, आणि तो विचारतो ते सगळं पावसाळ्याबद्दल. स्पंज लावलेल्या पेटीत बंदूक ठेवून देऊ नका. स्पंज ओल धरतो आणि जिथे टेकतो तिथे गंज चढतो. लोखंडी कपाटात उभी, सुती कापड सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि दर रविवारी बाहेर काढून पुसून. लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, चोळून कोरडा. आतल्या भागात पावसाळा म्हणून जादा तेल घालायचं नाही.

आणि इथून कुणी सुट्टीला येताना सामानात अशी रायफल घालून आणायचा विचार करत असेल तर तिकीट काढायच्या आधी भारतातले शस्त्र नियम आणि कस्टम्सचे कागद दोन्ही तपासा, विमान कंपनीलाही लेखी विचारा. भाच्याला मी बफर आणि ब्रीच सीलचे दोन संच पाकिटात घालून दिले. सोबत त्याच्या स्क्रूंच्या मापाने घासलेला एक पेचकस.